बनुबाईला सांगितलं नाही

माझा धाकटा भाऊ गोरक्ष वायरमन होता. तिसगावच्या आसपासच्या गावांत विजेचे पहिले खांब उभे राहिले, तेव्हा त्यातल्या निम्म्यांवर तो चढलेला. माझी पिठाची गिरणी आधी डिझेलवर चालायची. तिला विजेची मोटर त्यानंच जोडून दिली. अंगानं सडपातळ, पण खांबावर चढायला लागला की खालून बघणाऱ्याला वाटावं, याला कुणीतरी वरून ओढून घेतंय. असा माणूस सत्तर सालच्या दिवाळीनंतर गिरणीच्या दोन पायऱ्या चढून धापा टाकायला लागला. दात घासताना हिरड्यांतून रक्त येई. मांडीवर, दंडावर निळे डाग उठत, आणि कुठं आपटलं ते त्याला आठवत नसे.

नगरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि मुंबईला पाठवलं. तिथल्या मोठ्या दवाखान्यात आम्ही महिना-दीड महिना काढला. रक्ताचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बोलावून सांगितलं. आता गोरक्षाला कोणत्या तोंडानं सांगायचं, या विचारात मी परत आलो तर तो खाटेवर मांडी घालून स्वतःचा केसपेपर वाचत होता. मॅट्रिकपर्यंत शिकलेला, इंग्रजी अक्षरं लावता यायची त्याला.

"दादा, शेजारच्या खाटंवरच्या पाव्हन्याच्या कागदावर बी हेच लिव्हल्यालं हुतं," तो म्हणाला. "त्यो गेला सकाळी."

त्यानं कागदाची घडी घातली आणि उशीखाली ठेवली.

तरी गोळ्या आणि इंजेक्शनं लागू पडली. डाग गेले, भूक परतली. गोळ्यांनी तोंड मात्र फुगून वाटोळं झालं. निघताना डॉक्टर म्हणाले, "रोग गेलेला नाही, दबलाय. वर्ष मिळेल, कदाचित थोडं जास्त. नगरला दर आठवड्याला इंजेक्शन घ्यायचं आणि गोळ्या चुकवायच्या नाहीत. पण या औषधांनी अंगातली राखण पण मरते. साधा खोकला याला महागात पडेल. गोवर, कांजण्या असलेल्या घराच्या वाऱ्यालासुद्धा याला उभं करू नका."

हे मी ऐकलं, गोरक्षानं ऐकलं, आणि त्याची बायको साळू, तिनंही ऐकलं. चौथ्या कुणाला कळू द्यायचं नाही, हे मात्र मी ठरवलं.

का ठरवलं, ते सांगतो. आमच्या गल्लीत एका बाईला स्तनाचा कॅन्सर झाला होता. लोकांनी तिच्या घरचं पाणी सोडलं, तिच्या सुनेला विहिरीवर लांब उभं करायचे. गोरक्षाच्या वाट्याला वर्ष होतं. ते तरी माणसांत जावं असं मला वाटलं. आणि साळूची आई बनुबाई, सोनईची, बोलण्यात फटकळ. साळू तिची एकुलती एक लेक. तिला कळलं तर ती लेकीला घेऊन जाईल, ही भीती होती. म्हणून मी सगळ्यांना सांगितलं, रक्त कमी झालंय, इंजेक्शनं चालू आहेत. साळूला हे पटलं नव्हतं.

"दादा, आयला तरी सांगू द्या," ती म्हणाली होती.

"आत्ता नको," मी म्हणालो. मोठा दीर, वडील वारलेले, घरात माझाच शब्द. ती गप्प बसली.

गोरक्ष-साळूची मुलगी मुक्ता चार वर्षांची. गल्लीतली पोरं घेऊन दिवसभर खेळायची, नाक सदा वाहतं. माघात तिला खोकला झाला आणि साळू घाबरली. गोरक्षच म्हणाला, "हिला सोनईला ठिवू. आज्जीपाशी ऱ्हाईल." बनुबाईला सांगितलं, साळूला नवऱ्याचं पथ्यपाणी बघायचंय, पोरगी मधे मधे करते. बनुबाई खुशीत आली आणि नातीला घेऊन गेली. गोरक्ष गाडी दिसेनाशी होईपर्यंत स्टँडवर उभा राहिला.

तो महिना बरा गेला. तो गिरणीत येऊन बसायचा. खांबावर चढायची परवानगी नव्हती, तर लोकांचे रेडिओ आणि पंखे दुरुस्त करून द्यायचा. लोक म्हणायचे, गोरक्ष वायरमन सुधारला, गालावर मांस चढलं. तो हसायचा. मला कधीकधी वाटायचं, मुंबईच्या डॉक्टरांचं चुकलं असेल.

रंगपंचमीला मढीची यात्रा. आमच्या गावावरूनच माणसं जातात, त्या दिवसांत तिसगावच्या स्टँडवर पाय ठेवायला जागा नसते. बनुबाई दरसाल नवस फेडायला यायची. त्या वर्षी मुक्ताला कडेवर घेऊन आली. न कळवता आली. तिला वाटलं, बापाला लेक दाखवू.

मी तेव्हा गोरक्षाच्या ओट्यावर होतो. पोरगी आजीच्या खांद्यावर मान टाकून होती.

"उन्हानं कोमेजलीय," बनुबाई म्हणाली. "रातीपास्नं अंग जरा कोमट लागतंय. घ्या तुमची लेक."

साळू आतून धावत आली, पण तोवर गोरक्षानं हात पुढं केले होते. महिनाभर न दिसलेली पोर. तिनं बापाच्या मानेत तोंड खुपसलं आणि तशीच झोपली. तो खांबाला टेकून बसला, तिला छातीवर घेऊन, दुपारभर. साळू दोनदा म्हणाली, "द्या मला, तुम्हास्नी त्रास व्हईल." तो म्हणाला, "झोपू दे गं. व्हय, देतो." दिली नाही. मी समोर होतो. मीही काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साळू मुक्ताला न्हाऊ घालत होती. तिनं मला हाक मारली. पोरीच्या पोटावर आणि पाठीवर पाण्याच्या थेंबासारखे बारीक फोड होते, दहा-बारा.

बनुबाईनं बघितलं आणि लगेच हात जोडले. "आई आल्यात. भिऊ नगा, आमच्या शेजारी बी दोन लेकरांच्या अंगावर आल्यात, बरी हायेत. लिंबाचा पाला आना कुनी तरी."

"शेजारी हुत्या?" साळू म्हणाली. "अन् तू हिला हितं घिऊन आलीस?"

"मंग काय झालं? आईचा फेरा हाय, वाईट बोलू नये."

साळू खाली बसली. तिनं ओल्या पोरीला टॉवेलात गुंडाळलं, माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "भागूबाईकडं न्या, तुमच्या घरी. ह्या घरात नगं." भागूबाई म्हणजे माझी बायको. बनुबाई बघतच राहिली. नातीला तापात घराबाहेर काढणारी लेक तिनं पहिल्यांदाच पाहिली असेल.

मी, गोरक्ष आणि साळू दहाच्या गाडीनं नगरला निघालो. करंजीचा घाट उतरताना गोरक्ष खिडकीतून तारांकडं बघत होता. म्हणाला, "ह्यो दोन खांबांमधला स्पॅन लई ढिला सोडलाय. वाऱ्यात तारा घासतील."

नगरचे डॉक्टर पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुला लहानपणी कांजण्या झाल्या होत्या का?"

गोरक्षानं माझ्याकडं बघितलं. आणि मला आठवलं. मी दहा वर्षांचा असताना मला कांजण्या आल्या होत्या. गोरक्ष तेव्हा पाच वर्षांचा, अशक्त. आईनं त्याच दिवशी त्याला पाथर्डीला मावशीकडं पाठवलं, त्याला लागू नये म्हणून. महिना झाल्यावर परत आणला. तो वाचला, म्हणून आईनं नारळ वाढवला होता.

"न्हाई झाल्या," मी म्हणालो.

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तेव्हा झाल्या असत्या तर बरं होतं," ते म्हणाले. मग त्यांनी समजावून सांगितलं. रोग अंगात शिरून दिसायला दोन आठवडे लागतात. धडधाकट माणसाला चार दिवस ताप, खाज, संपलं. पण ज्याच्या रक्तात असा रोग आणि पोटात अशा गोळ्या, त्याच्या फुप्फुसात तो उतरतो. "या विषाणूवर माझ्याकडं औषध नाही. जगात कुणाकडंच नाही."

"मंग आमी काय करायचं?" साळूनं विचारलं.

त्यांनी एक गोळी बंद केली, दुसरी एकदम बंद करता येत नव्हती. रोग अंगात रुजायच्या आधीच अडवणारं एक इंजेक्शन असतं, त्यासाठी पुण्याला आणि मुंबईला तार केली. तीन दिवसांनी उत्तर आलं, शिल्लक नाही. मग त्यांनी मला बोलावलं. एका परदेशी मासिकात त्यांनी वाचलं होतं: ज्या मोठ्या वयाच्या माणसाला नुकत्याच कांजण्या होऊन गेल्यात, त्याच्या रक्तातल्या पाण्यात त्या रोगाशी लढायची ताकद असते. ते लगेच दिलं तर कधी कधी उपयोग होतो.

"लगेच म्हणजे?"

"तीन दिवसांत. ते तर होऊन गेले. तरी आणा कुणी मिळालं तर. मी शब्द देत नाही."

मोठ्या वयाचा माणूस, महिन्याभरात बरा झालेला, आणि रक्ताचा गट जुळणारा. असा माणूस सोनईतच मिळायची शक्यता. बनुबाई तिसगावातच होती, नातीच्या उशाशी. मी तिला घेऊन गाडीत बसलो, आणि मिरीच्या पुढं गेल्यावर तिला सगळं सांगितलं. जावयाला काय झालंय, मुंबईला काय म्हणाले, पोरीला सोनईला का ठेवलं होतं.

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "मला म्हाईत असतं तर मी आनली असती का वो पाव्हनं?"

"न्हाई आनली."

"मंग सांगितलं का न्हाई?"

घोडेगावला गाडी बदलली. ती माझ्यापासून दोन बाकं सोडून बसली.

सोनईत आम्ही दोघं घरोघर फिरलो. लेकरं पुष्कळ होती, अंगावर खपल्या असलेली. मोठी माणसं चारच. सूर्यभान नावाचा एक पहिलवान गडी होता, त्याच्या आईनं दारातच अडवलं. "आई अजून उतरल्या न्हाईत पुरत्या. अंगातलं रगत त्यांचं हाय. कुनाला दिलं तर पुन्यांदा कोपतील." बनुबाई तिच्या पाया पडली. त्या बाईनं पाय मागं घेतले. दुसऱ्या घरी उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. तिसरा माणूस म्हणाला, दोन दिवसांनी बघू, आणि मागच्या दारानं निघून गेला.

चौथी मालनबाई. तिशीची, तीन लेकरांची आई, बाजारात भाजी विकायची. कपाळावर, नाकावर गुलाबी खड्डे अजून ताजे. ती मेथीच्या जुड्या बांधत होती. मी बोलत होतो, ती जुड्या बांधतच होती.

"किती घेत्यात?" तिनं विचारलं.

"एक बाटली."

"मरत न्हाई ना मानूस?"

"न्हाई मरत."

"माझ्या लेकरांवर येईल का काही? आईचा कोप?"

मला 'न्हाई येनार' असं ठाम म्हणता आलं असतं. मी म्हणालो, "मला ठाव न्हाई, बाई. डॉक्टर म्हणत्यात न्हाई येनार."

तिनं बनुबाईकडं बघितलं. बनुबाई भिंतीला धरून उभी होती. मालनबाई उठली, हात धुतले, सासूला म्हणाली, "मेथी इकून टाका, न्हाईतर सुकंल," आणि पायात चपला घातल्या.

गट जुळला. मी नगरच्या दवाखान्याच्या कट्ट्यावर बसून रडलो, इतका आनंद झाला. रक्ताची बाटली थंड पेटीत उभी ठेवली. दुसऱ्या दिवशी लाल खाली बसलं होतं आणि वर गवती चहाच्या रंगाचं पाणी. ते डॉक्टरांनी वेगळं काढून गोरक्षाच्या शिरेत सोडलं. तो सहावा दिवस होता.

"कुनाचं हाय हे?" त्यानं विचारलं.

"सोनईच्या एका बाईचं. भाजी इकती."

"तिला सांग, नगरला आल्यावर तिचा कंदील बिंदील बिघडला आसंल तर मी करून दिन." मग स्वतःच हसला. "कंदील मला कुठं येतोय. लाईट आली तिच्या घरी तर म्हनावं."

दवाखान्याच्या टोकाला एक वेगळी खोली होती, तिथं त्याला ठेवलं. साळूला लहानपणी कांजण्या झाल्या होत्या, म्हणून तिला आत राहू दिलं. मला होऊन गेल्याच होत्या. आम्ही तिघं त्या खोलीत दिवस काढत होतो. रोज सकाळी साळू त्याची पाठ, पोट, कानामागं, केसांत बोटं फिरवून बघायची. दहावा दिवस गेला. अकरावा, बारावा. तेराव्या दिवशी तो बाहेरच्या लिंबाखाली जाऊन बसला, दोन भाकरी खाल्ल्या. साळू मला म्हणाली, "दादा, लागलं बहुतेक त्या बाईचं." नगरला आल्यापासून त्या दिवशी ती पहिल्यांदा माझ्याशी आपणहून बोलली.

चौदाव्या दिवशी त्याची पाठ दुखायला लागली. दुपारी ताप. पंधराव्या दिवशी साळूचं बोट त्याच्या डाव्या कानामागं थांबलं आणि तिथंच राहिलं.

"आलं का?" गोरक्षानं विचारलं.

त्यानं स्वतः हात नेऊन चाचपलं.

मुक्ताच्या अंगावर सगळे मिळून पन्नास फोड असतील. तोवर ती बरी होऊन माझ्या अंगणात खेळतही होती. गोरक्षाच्या अंगावर दोन दिवसांत तीळ ठेवायला जागा राहिली नाही. जिभेवर, पापण्यांच्या आत, तळपायाला. काहींत रक्त भरलं, काळे पडले. तिसऱ्या दिवशी कोरडा खोकला सुरू झाला. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला आणि खिडकीशी धरून मला दाखवला. दोन्ही बाजूंना वरपासून खालपर्यंत बारीक पांढरे ठिपके.

"हे सगळं त्याच्या अंगावर आहे तेच," ते म्हणाले, "आत."

ऑक्सिजनचं सिलिंडर आणलं. आमच्या गावात कुणी ते पाहिलं नव्हतं. गोरक्षाचं लक्ष त्याच्या काट्याकडं असायचं. काटा कितीवर आहे ते तो मला बोटांनी दाखवायचा. बोलता येई तेव्हा तुटक बोलायचा. चौथ्या दिवशी सकाळी साळू पाणी आणायला गेली तेव्हा त्यानं नळी बाजूला केली.

"दादा. मुक्तीला सांगू नको. तिच्याकडनं आलं म्हनून."

"न्हाई सांगत."

"कधीच न्हाई. लगीन झाल्यावर बी न्हाई."

"न्हाई, गोरख्या."

"मी घेतली तिला. मला कळत हुतं, अंग तापलंय म्हनून. मानंला लागत हुतं ना." तो थांबला, श्वास गोळा केला. "तरी घेतली."

मी नळी परत लावली. पुढं त्याला बोलता आलं नाही. ओठ निळे पडले, छाती आणि पोट दोन्ही उडायला लागलं, धावून आलेल्या जनावरासारखं. हे दीड दिवस चाललं. तो पुरता शुद्धीवर होता. मला वाटलं होतं, माणूस जाताना त्याला काही कळत नसेल. त्याला सगळं कळत होतं. पाचव्या दिवशी भर दुपारी, बाहेर ऊन मी म्हणत असताना, साळूनं त्याचा हात धरलेला असताना तो गेला. डॉक्टर आले, नाडी बघितली आणि तसेच त्या खुर्चीवर बसून राहिले. "मी उशीर केला नाही," ते म्हणाले. कुणाला म्हणाले ते कळलं नाही.

दवाखान्यानं लवकर उरकायला सांगितलं. नगरलाच अग्नी दिला. गावची चार माणसं आली, तीही लांब उभी राहिली. देवी कोपली, असंच सगळे म्हणत होते. मी कुणाचं काही खोडलं नाही.

मालनबाईला सांगायला मी स्वतः सोनईला गेलो. ती बाजारातच होती, वांग्याच्या ढिगामागं. मला बघून उभी राहिली. मी मान हलवली. ती म्हणाली, "माझंच रगत कमी पडलं आसंल," आणि पदर तोंडाला लावला. मी किती सांगितलं, तसं नसतं बाई, तुमचा काही दोष नाही. तिला ते पटलेलं दिसलं नाही. निघताना तिनं मुक्तासाठी एक काकडी दिली.

तेराव्याला बनुबाई आली. ओट्याच्या खाली उभी राहिली. साळू दारात तांदूळ निवडत बसली होती. आईनं हाक मारली, "साळे." साळूनं मान वर केली नाही. मुक्ता आजीकडं धावली, तर बनुबाईनं दोन्ही हात पाठीमागं घेतले. पोरगी तिच्या लुगड्याला धरून उभी राहिली, आणि ती तिला शिवेना.

मी साळूजवळ जाऊन खाली बसलो. म्हणालो, "तिला घरात बोलाव. तिचा काय दोष न्हाई. न सांगायचं मी ठरवलं हुतं. दोष माझा हाय."

"म्हाईत हाय मला," साळू म्हणाली.

आणि ती तांदूळ निवडत राहिली. बनुबाई तीनच्या गाडीनं परत गेली.